निकाल जूनच्या मध्यावर, डिपॉझिट 10 तारखेला

लातूरच्या एका मुलीने लिहिलं आहे. वय 29, मराठवाड्यात भूजलावर काम करणाऱ्या एका संस्थेत पाच वर्षं नोकरी. ब्रिटनमध्ये पाणी व्यवस्थापनात एक वर्षाचं मास्टर्स करायचं म्हणून चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज केला, मार्चच्या शेवटी मुंबईत मुलाखत झाली, निकाल जूनच्या मध्यापासून पुढे कधीही. अर्जातले निबंधही सोबत पाठवले आहेत. तिचं म्हणणं थोडक्यात असं:

"ताई, रात्री तीनला उठून मी पोर्टल बघते. ज्या विद्यापीठात जायचंय ते 10 जूनपर्यंत दोन हजार पौंड डिपॉझिट मागतंय. बाबा म्हणतात, शेत तारण ठेवू. मुलाखतीत भूजल सर्वेक्षण यंत्रणा जलसंपदा खात्याखाली येते असं बोलून बसले, ते डोक्यातून जात नाही. उमेदवारांच्या ग्रुपवर म्हणतात की निवड झालेल्यांना आतून कळलंय. ऑफिसात काय सांगू? आणि नाही झालं तर?"

आधी डिपॉझिट, कारण या सगळ्यात तारीख असलेली गोष्ट तेवढीच आहे. बाकीच्या काळज्यांना तारीख नाही, म्हणून त्या रात्री तीनलाही येतात.

आजच बसून त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला मेल लिही. पाच-सहा ओळी पुरेत. तुझा अर्ज क्रमांक, कोर्सचं नाव, चेव्हनिंगची मुलाखत अमुक तारखेला झाली, निकाल जूनच्या मध्यापासून अपेक्षित आहे, तोवर जागा राखून डिपॉझिटची मुदत जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाढवता येईल का. गयावया नको, घरची परिस्थिती नको, आपल्या देशातल्या दुष्काळाचं वर्णन तर नकोच. तिकडच्या विद्यापीठांना हा मेल नवा नाही, दर मे-जूनमध्ये जगभरातून असे मेल येत असतात. मी ज्यांना ज्यांना हा मेल लिहायला लावला त्यातल्या बहुतेकांना मुदत मिळाली. शिवाय शिष्यवृत्ती लागली तर फी चेव्हनिंगकडून जाते, आणि सरकारी प्रायोजक असलेल्या विद्यार्थ्याकडून बरीच विद्यापीठं डिपॉझिट घेतच नाहीत. तेही मेलमध्ये विचारून घे. आठवड्यात उत्तर नाही आलं तर फोन कर. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे असतं, त्यामुळे आपल्या दुपारी दीडनंतर तिथे कुणीतरी टेबलावर सापडतं.

त्यांनी नाही म्हटलं तर? अर्जात तू तीन कोर्स दिले आहेस. चेव्हनिंगला जुलैच्या मुदतीपर्यंत त्या तीनपैकी कुठल्याही एकाची अनकंडिशनल ऑफर, म्हणजे कुठलीही अट बाकी न उरलेला प्रवेश, चालते. उरलेल्या दोनपैकी एखादं विद्यापीठ डिपॉझिट न मागता जागा ठेवत असेल तर तुझी शिष्यवृत्ती या दोन हजार पौंडांवर अडलेली नाही, फक्त आवडीचा क्रम अडला आहे. आणि पैसे भरायचेच ठरवलंस तर ऑफर लेटरमधला परताव्याचा परिच्छेद दोनदा वाच. बहुतेक ठिकाणी व्हिसा नाकारला गेला किंवा प्रवेशाची अट पूर्ण झाली नाही तरच डिपॉझिट परत मिळतं. 'शिष्यवृत्ती मिळाली नाही' हे कारण सगळीकडे चालत नाही. दोन हजार पौंड म्हणजे दोन लाखांच्या वर रुपये. तुझ्या पगारात ते किती महिन्यांचे, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

पण डिपॉझिट भरायचं की नाही हे शेवटी दुसऱ्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, आणि तो प्रश्न तू मला विचारलेला नाहीस. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर तू यंदाच कर्ज काढून जाणार आहेस का? याचं उत्तर निकालाच्या आधी, शांत डोक्याने, बाबांना समोर बसवून दे. निकालानंतरच्या दोन दिवसांत दिलेलं उत्तर रागाचं असतं. 'मिळाली नाही ना, मग दाखवतेच जाऊन' या रागात काढलेली कर्जं मी पाहिली आहेत. हप्ता सुरू होईपर्यंत राग उतरलेला असतो.

हिशेब मांडू. एक वर्षाचं मास्टर्स, परदेशी विद्यार्थ्याची फी, राहणं-खाणं, व्हिसा, विमान धरून 35 ते 40 लाखांच्या घरात जातं. 35 लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर महिन्याचा हप्ता सुमारे 48 हजार. तुला परत येऊन मराठवाड्यात भूजलावरच काम करायचं आहे असं तू निबंधात लिहिलं आहेस, आणि तू ते मनापासून लिहिलं आहेस असं मला वाटतं. त्या कामात 48 हजारांचा हप्ता जाऊन खाली काही उरेल असा पगार देणाऱ्या संस्था मोजक्या. मग तिकडे थांबून कर्ज फेडायचं, असं सगळे सांगतील. शिक्षणानंतर थांबून काम करायला मिळणारा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता, 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळणार आहे. यंदा सप्टेंबरला गेलीस तर तू त्यातच येतेस. माझं मत विचारशील तर, ज्याला आयटीत किंवा फायनान्समध्ये जायचंय त्याने कर्जाचा विचार करावा. तुझ्या क्षेत्रात, परत यायचं ठरवून, पूर्ण कर्जावर जाऊ नये. एक वर्ष थांबून पुन्हा अर्ज करणं त्यापेक्षा स्वस्त आहे.

बाबांना हेही सांग की शेत तारण ठेवायला निघाले तरी बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा धरत नाहीत. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण मागतात, पण ते घर, फ्लॅट, एनए प्लॉट, मुदत ठेव असं. सातबारा घेऊन गेलेल्या वडिलांना मॅनेजरने चहा पाजून परत पाठवल्याच्या कहाण्या माझ्याकडे ढीगभर आहेत. घर तारण ठेवायचं तर वकिलाचा टायटल सर्च आणि मूल्यांकन यात तीन-चार आठवडे सहज जातात. म्हणून कर्जाचं उत्तर 'हो' असेल तरच आत्ता फाइल लाव. कर्ज मंजूर झालं म्हणजे उचललंच पाहिजे असं नसतं, प्रोसेसिंग फी तेवढी जाते. उत्तर 'नाही' असेल तर बँकेची पायरी चढू नकोस, आणि 10 जूनचं डिपॉझिटही भरू नकोस. मुदत मिळाली तर ठीक, नाही तर त्या ऑफरवर पाणी सोड.

पैशाचं एकच दार ठोठावून त्याच्यासमोर बसून राहायचं, ही आपल्याकडची सवय अलीकडची आहे. डॉ. आंबेडकर 1913 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तीही परत येऊन दहा वर्षं संस्थानात नोकरी करण्याच्या करारावर. चेव्हनिंगची दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट ज्यांना जाचक वाटते त्यांना मी हा आकडा सांगते. पुढे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना लंडनचं शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं. पुन्हा जायला 1920 उजाडलं. मधल्या काळात सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, काही मदत शाहू महाराजांकडून झाली, काही कर्ज नवल भथेना या मित्राकडून घेतलं. एवढं मोठं उदाहरण तुझ्या-माझ्या गळ्यात अडकवायचं नाही, पण तीन वर्षं आणि तीन खिसे लागले होते हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

तुझ्यापुढे अजून कुठले खिसे आहेत ते या आठवड्यात बघ. जे. एन. टाटा एंडाउमेंट 1892 पासून परदेशी शिक्षणाला कर्ज-शिष्यवृत्ती देते. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन त्यातूनच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले होते. तिचे अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच होऊन जातात, त्यामुळे ती पुढच्या वर्षाच्या वहीत लिहून ठेव. राज्य सरकारची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा समाजासाठी सारथीची आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आहेत. त्यांच्या जाहिराती बऱ्याचदा नेमक्या याच उन्हाळ्यात येतात आणि मुलं चेव्हनिंगच्या मेलकडे डोळे लावून बसलेली असताना त्यांची मुदत निघून जाते. तू कुठल्या योजनेत बसतेस ते तू लिहिलेलं नाहीस, तपासून घे. उत्पन्नाचा दाखला काढायला तहसीलमध्ये किती फेऱ्या लागतात हे मी सांगायला नको. दोन्हीकडे अर्ज करता येतो, दोन्हीकडून पैसे मात्र घेता येत नाहीत.

आता ही शांतता कशाची आहे ते सांगते, कारण तुझी झोप त्यात अडकली आहे.

चेव्हनिंग ही ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याची योजना. 1983 साली सुरू झाली, आणि आजचं नाव केंटमधल्या चेव्हनिंग हाउसवरून पडलं, म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांच्या वापरातल्या वाड्यावरून. पैसा परराष्ट्र खात्याचा आणि काही भागीदार संस्थांचा. हे मी का सांगते, तर निवडीचं गणित कॉलेजच्या मेरिट लिस्टसारखं नसतं. ऑक्टोबरमध्ये अर्ज बंद झाले की आधी पात्रतेची चाळणी, म्हणजे पदवी आहे का, कामाचे 2,800 तास भरतात का. मग स्वतंत्र वाचक नेतृत्व, संपर्क, ब्रिटनमधलं शिक्षण, पुढची कारकीर्द यांवरचे निबंध वाचून गुण देतात. फेब्रुवारीत मुलाखतीला बोलावणी. मुलाखती फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालतात. म्हणजे तू मार्चअखेरीस घरी येऊन मेल उघडायला लागलीस तेव्हा कुणाची तरी मुलाखत व्हायला अजून महिना होता. त्यानंतर सगळे गुण एकत्र होणार, पैसा किती आणि जागा किती हे जुळणार, भागीदार संस्थांच्या जागांवर कोण बसतं ते ठरणार, मग मेल. यातल्या एकाही पायरीवर उमेदवाराला काही कळवायची पद्धत नाही. दोन महिने मेल आला नाही याचा अर्थ इतकाच की दोन महिने झाले.

आता मुलाखतीतलं तुझं चुकलेलं उत्तर. मी दुसऱ्या एका फेलोशिपच्या पॅनेलवर चार वर्षं बसले आहे, त्या अनुभवावरून बोलते. उमेदवार बाहेर गेला की आम्ही तिघं आपापसांत न बोलता आधी आपापल्या कागदावर गुण लिहायचो. मग कागद एकमेकांना दाखवायचो. जिथे फार फरक असेल तिथेच चर्चा. त्या चर्चेत 'याने खात्याचं नाव चुकवलं' हे वाक्य मी एकदाही ऐकलं नाही. वाद व्हायचा तो एवढ्यावरच, की हा माणूस जे करीन म्हणतो ते त्याने आजवर लहान प्रमाणात तरी केलंय का, की सगळं भविष्यकाळात आहे. एका उमेदवाराने तर आमच्याच वेबसाइटवरची वाक्यं आम्हाला ऐकवली, अगदी स्वल्पविरामासकट. तो खोलीतून बाहेर पडताना खूश होता. दुसऱ्या एकीने एक आकडा साफ चुकीचा सांगितला, दोन प्रश्नांनंतर स्वतःच थांबून म्हणाली, मघाशी मी चुकले, मला तो आकडा नक्की आठवत नाही. तिघांनीही तिला भरपूर गुण दिले होते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाणीपुरवठा व स्वच्छता खात्याखाली येते, जलसंपदेखाली नाही, हे खरं. धरण एकाकडे, विहीर दुसऱ्याकडे, बांधबंदिस्ती तिसऱ्याकडे, अशी वाटणी असलेल्या राज्यात कुणाचीही जीभ घसरेल. पॅनेलवर कुणाला ते कळलं असेल का, याचीच मला शंका आहे. आणि कळलं असलं तरी त्यांच्यासमोर निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाच वर्षं घेणारी बाई बसली होती, स्पर्धा परीक्षेचा उमेदवार नव्हे.

तरी डोकं थांबणार नाही, मला माहीत आहे. म्हणून त्याला काम दे. एक वही घे आणि मुलाखतीतला प्रत्येक प्रश्न आठवेल तसा लिही. प्रश्न डावीकडे, तू काय उत्तर दिलंस ते उजवीकडे, आणि आज विचारलं तर काय सांगशील ते खाली. एका बैठकीत संपव. चेव्हनिंगकडून निवड न झालेल्यांना वैयक्तिक अभिप्राय मिळत नाही, 'मी कुठे कमी पडले' या मेलला उत्तर येणार नाही. त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायची वेळ आलीच तर तुझ्याकडे असणारा एकमेव पुरावा म्हणजे ही वही, आणि दोन महिन्यांनी त्यातलं निम्मं विसरलेलं असेल. लिहून झालं की वही आईच्या कपाटात ठेव. तुझ्या टेबलावर ठेवलीस तर रोज एक ओळ वाढेल.

ग्रुपबद्दल मी कडक बोलणार आहे. बाहेर पड. निदान निकालापर्यंत म्यूट कर. तिथे चारशे लोक असतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या भीतीवर स्वतःची भीती शेकत बसलेला असतो. 'पोर्टलवरचं स्टेटस बदललंय', 'अमुक देशात मेल आले', 'हायकमिशनमधल्या ओळखीच्याने सांगितलं'. वेगवेगळ्या देशांचे निकाल एकाच तासाला येत नाहीत, एका देशातलेही सगळे एकदम येतील असं नाही. दुसऱ्याला मेल आला आणि मला नाही, यावरून काहीही सिद्ध होत नाही. आतून कळल्याचं सांगणाऱ्याला विचार, कुणाकडून कळलं. उत्तर नेहमी मित्राचा मित्र असतं.

आणि रात्री तीन. आपल्या रात्री तीनला इंग्लंडमध्ये आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. कुणीही सरकारी नोकर त्या वेळी तुझा निकाल पाठवत बसलेला नाही. त्यांची ऑफिसची वेळ म्हणजे आपले दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. दुपारी चारला एकदा आणि रात्री साडेनऊला एकदा मेल बघ, स्पॅमही बघ. फोनमध्ये फक्त त्या एका पत्त्यावरून मेल आला तरच आवाज होईल अशी सोय करून घे, बाकी सगळ्या मेलचा आवाज बंद. हा उपाय फार साधा आहे म्हणून मुलं हसतात, पण ज्यांनी केला त्यांची रात्र परत मिळाली. तरीही दोन आठवडे झोप येत नसेल, जेवण जात नसेल, छातीत धडधडत असेल, तर हे निकालाचं टेन्शन म्हणून अंगावर काढू नकोस. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं, किंवा गावातल्या डॉक्टरांना दाखव.

ऑफिसात साहेबांना एवढंच सांग की मी एका फेलोशिपला अर्ज केला आहे, निकाल जूनमध्ये आहे, झालं तर सप्टेंबरमध्ये एक वर्षासाठी जाईन आणि जुलैत पक्कं सांगीन. राजीनामा नको. निवडीचा मेल आला तरी लगेच नको. तो मेल सशर्त असतो: अनकंडिशनल ऑफर दाखवा, कागद भरा, अटी मान्य करा, असं सगळं पूर्ण झाल्यावर अंतिम पत्र येतं. ते हातात पडल्याशिवाय नोकरी सोडायची नाही. तुझी नोटीस एक महिन्याची असली तर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणाऱ्या कोर्ससाठी ऑगस्टच्या सुरुवातीला राजीनामा दिलास तरी पुरतो.

घरात मात्र नुकसान होऊन गेलेलं दिसतंय. बाबांनी भावकीत सांगितलं, आता रस्त्यात भेटेल तो 'काय, लंडन कधी?' विचारतो. त्यात एखादं स्थळही येऊन बसलं असेल, 'मुलगी परदेशी चालली म्हणे' म्हणून. एक माणूस नेम. आई, भाऊ, वहिनी, कुणीही. सगळ्यांना सांग की चौकशी त्या माणसाकडे करायची, आणि त्या माणसाने एकच वाक्य बोलायचं: निकाल जूनच्या शेवटापर्यंत आहे, लागला की पेढे घेऊन येऊ. बाबांवर चिडू नकोस. त्यांच्यासाठी मुंबईत मुलाखतीला बोलावणं आलं हीच मोठी बातमी होती, आणि खरं सांगायचं तर ती होतीच.

निकालाच्या आधीच्या या तीन आठवड्यांत हाताला खरं काम एकच आहे, ते म्हणजे ऑफर अनकंडिशनल करून घेणं. निवड होऊनही मुलं इथे अडकतात. सोलापूरकडच्या एका मुलाची निवड झाली, सगळ्या गल्लीने हार घातले, आणि त्याची तिन्ही विद्यापीठं मूळ ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांच्या अधिकृत पत्रकासाठी, थांबलेली. त्याच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एका सेमिस्टरची नोंद सापडेना. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी ते पाकीट निघालं. त्याच्या आईने त्या पंधरवड्यात जे सोसलं ते निकालाची वाट बघताना सोसलं नव्हतं. तेव्हा तुझ्या तिन्ही ऑफर लेटरमध्ये 'कंडिशन' या शीर्षकाखाली काय लिहिलंय ते बघ. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा दोन वर्षांच्या आतली आहे का, पासपोर्ट पुढच्या वर्षाच्या शेवटापर्यंत चालतो का, पदवी प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळतं का. वडिलांचं नाव एकीकडे मधे आणि दुसरीकडे गायब, हा आपल्याकडचा नेहमीचा घोळ, त्याला वेळ लागतो. काही विज्ञान-अभियांत्रिकी कोर्सना ॲटास नावाचं, सुरक्षेच्या तपासणीचं वेगळं प्रमाणपत्र लागतं, भारतीयांना त्यातून सूट नाही. तुझ्या कोर्सला लागतं का ते ऑफरमध्ये लिहिलेलं असेल. व्हिसासाठी लागणारी टीबीची चाचणी मात्र आत्ता करू नकोस. ती त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, प्रमाणपत्र सहा महिने चालतं, आणि निवड झाल्यावर करायला भरपूर वेळ असतो. उगाच पैसे घालवायचे नाहीत.

शेवटचा प्रश्न, 'नाही झालं तर'. मधली एक शक्यता तू धरलेली नाहीस, ती राखीव यादीची. तिथे किती जण आहेत, तुझा क्रमांक कितवा, हे सांगत नाहीत. कुणी जागा सोडली तर वरून बोलावतात. मला ही यादी चांगली माहीत आहे, कारण 2006 साली मी तीवरच होते. घरी इंटरनेट नव्हतं. कराडच्या स्टँडमागे एक सायबर कॅफे होता, तासाला वीस रुपये, पंधरा मिनिटांचे पाच द्यायचे. रोज संध्याकाळी मी पाच रुपयांची वाट बघत असे. कॅफेवाला दादा मी आत शिरल्यावर कोपऱ्यातला पंख्याखालचा पीसी मोकळा करून द्यायचा आणि काही विचारायचा नाही. राखीव यादीचा मेल आला त्या दिवशी मी अर्धा तास बसले, त्याने दहा रुपये घेतले नाहीत. पुढचे पाच आठवडे मी जगाला 'नाही झालं' असंच सांगितलं, नोकरीवर जात राहिले, विद्यापीठाची ऑफर मात्र जिवंत ठेवली आणि कागद एका फाइलमध्ये तयार ठेवले. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मेल आला की जागा आहे, येणार का. ऑफर सोडून दिली असती तर त्या मेलला 'हो' म्हणता आलं नसतं. माझ्याबरोबर त्याच यादीवर असलेल्या एका मैत्रिणीला तो मेल कधीच आला नाही. तिने पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला, तेव्हा मुलाखतही मिळाली नाही. तिसऱ्या वर्षी झालं.

साफ नकार आला तर दोन दिवस काही ठरवू नकोस, कुणाला मेल पाठवू नकोस. नवी फेरी ऑगस्टमध्ये उघडते, म्हणजे जेमतेम सहा-सात आठवड्यांनी. पहिल्या प्रयत्नात न झालेले आणि दुसऱ्या-तिसऱ्यात झालेले चेव्हनिंगमध्ये भरपूर आहेत, ते लपवतही नाहीत. तुझ्या निबंधांत मला एक गोष्ट खटकली आहे, करिअरच्या निबंधात दहा वर्षांनंतरचं सगळं आहे आणि परत आल्यावरच्या पहिल्या सहा महिन्यांचं काहीच नाही. त्यावर तेव्हा बोलू, लागलं तर. अमेरिकेत शिकण्यासाठीची फुलब्राइट-नेहरूही बघ. त्यांच्या मास्टर्स फेलोशिपला तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे, पण त्यांचे अर्ज मेपर्यंत बंद होतात. यंदाची गाडी गेली.

मेल आला की गाडीवर असताना उघडू नकोस. उदगीरच्या एका पोराने सिग्नलला उघडला होता, निवड झाली होती, मागच्या टेम्पोवाल्याला ते माहीत नव्हतं. पाय थोडक्यात वाचला. आणि प्रवेश कार्यालयाला तो मेल आज गेला की मला कळव, त्यांचं उत्तर आलं की तेही पाठव.